कमी झोपणाऱ्या बाळासाठी झोपेचं ॲप: नोंदवहीला साडेचार तारे, वेळापत्रकाला दीड

आधी पैशाचं. ॲप फुकट उतरवता येतं. झोपेची नोंद, दुधाची नोंद, आठवड्याचा आलेख, दोन फोनवर एकच बाळ जोडणं, हे सगळं फुकटात चालतं. 'पुढची झोप कधी' हे भाकीत आणि वयानुसार आखून दिलेलं वेळापत्रक हवं असेल तर पैसे मोजायचे. आम्ही वर्षाचे भरले. ॲपचं नाव लिहीत नाही, कारण एकाला कंटाळून दुसरं असं करत या जातीची बरीच ॲपं फोनवर येऊन गेली आणि उन्नीस-बीस फरकानं सगळ्यांचं दुखणं एकच निघालं. तेव्हा हे परीक्षण त्या जातीचं समजा, एका दुकानाचं नव्हे.

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. तिन्ही शिफ्ट फिरत्या. मोशीला फ्लॅट, घरात मी, बायको स्वाती, आई, बाबा आणि मनू. मनू आता चौदा महिन्यांची आहे. वजन चांगलं, खाणं ठीकठाक, तब्येतीची तक्रार नाही. फक्त झोप कमी. म्हणजे रडून-रडून झोपत नाही असं नव्हे, तर हसतमुखानं जागी राहते. ज्यांच्या घरी असं बाळ आहे त्यांना या वाक्यातला फरक लगेच कळेल, आणि बाकीचे म्हणतील, 'अहो, अंगाला तेल लावून कडकडीत पाण्यानं अंघोळ घाला, तीन तास हूं की चूं करणार नाही.' मालिशवाल्या मावशीही हेच म्हणाल्या होत्या. त्यांच्या हातून न्हाऊन, धुरी घेऊन मनू झोपली की आम्ही जेवायला बसायचो आणि दुसरी पोळी वाढायच्या आत आतून टाळ्यांचा आवाज यायचा. मावशींच्या इतक्या वर्षांच्या कारकिर्दीला लागलेला तो डाग त्यांना फार लागला. 'बाई गं, कोणावर गेलीस?' असं दर वेळी विचारायच्या.

कोणावर, ते आईला माहीत होतं. 'तुझ्या बाबांवर. एसटीत होते तेव्हा रात्री अकराला ड्युटी संपवून यायचे आणि पहाटे चारला अंगणात झाडू. सुट्टीच्या दिवशीसुद्धा.' बाबा यावर काही बोलत नाहीत, पेपर उलटतात.

आता ॲपकडे. मनू सात महिन्यांची होती तेव्हा स्वातीची 26 आठवड्यांची बाळंतपणाची रजा संपून ती बँकेत रुजू झाली होती, आणि रात्रीची झोप हा घरात चर्चेचा नव्हे, भांडणाचा विषय झाला होता. म्हणून पैसे भरून वेळापत्रक घेतलं. ॲपनं वय विचारलं, जन्मतारीख आधीपासून होतीच, आणि एका मिनिटात दिवस आखून दिला: दिवसभरात तीन झोपा, संध्याकाळी सातला रात्रीची झोप, एकूण 14 तास. दिवसाच्या शेवटी पडद्यावर एक गोल दिसतो. 14 तास भरले की हिरवा, कमी पडले की नारिंगी. आमचा गोल पहिल्या दिवसापासून नारिंगी.

कारण मनूची बेरीज साडेअकरा तास. कधी वीस मिनिटं इकडे, कधी तिकडे, पण साडेअकरा.

त्या वेळापत्रकानं रात्र कशी जायची ते सांगतो. सातला दिवे मालवायचे. ती पावणेआठला झोपायची, साडेआठला टक्क जागी. या जगात त्याला 'फॉल्स स्टार्ट' म्हणतात. रात्रीची झोप म्हणून जी समजली ती तिनं संध्याकाळची डुलकी म्हणून वापरली आणि उठली. मग सव्वानऊपर्यंत खेळ. पुन्हा झोप. आणि रात्री दोनला, अगदी ठरल्यासारखी, उठून बसायची. रडणं नाही, भूक नाही, लंगोट कोरडा. अंधारात बसून आधी स्वतःच्या पायाचा अंगठा शोधायची, तो सापडला की माझ्या नाकात बोट घालायची, मग माझ्या चेहऱ्यावर चष्मा नाही हे तिला खटकायचं आणि ती उशीभोवती चापचाप करत चष्मा हुडकायची. हे चार वाजेपर्यंत. मग अडीच तास गाढ झोप. साडेसहाला खाली घंटागाडी लागली की गाण्यासकट दिवस सुरू.

ॲपला हे सगळं नोंदीतून दिसत होतं. त्यावर त्याचा सल्ला काय, तर 'बाळ अतिथकलेलं आहे, उद्या अर्धा तास आधी झोपवा.' आम्ही साडेसहाला झोपवलं. दोनची मैफल दीडला सुरू झाली. ॲप म्हणालं, आणखी आधी.

इथे माझ्यातला क्वालिटीवाला जागा झाला. आमच्याकडे ड्रॉइंगवर शाफ्टचा व्यास लिहितात तेव्हा नुसता 25 मिलिमीटर लिहीत नाहीत. 25, अधिक-उणे इतकं, असं लिहितात. टॉलरन्स नसलेलं माप म्हणजे इन्स्पेक्टरच्या हातात दिलेलं भांडण. चांगला माल रिजेक्ट होत राहतो. या ॲपनं 14 हा आकडा टॉलरन्सशिवाय छापला होता आणि माझी मुलगी रोज रात्री नारिंगी रंगात रिजेक्ट होत होती.

मग टॉलरन्स शोधायला बसलो. नाईट शिफ्टला जेवणाच्या सुट्टीत दुसरं काय करणार. स्वित्झर्लंडमधल्या झ्युरिक इथे मुलांच्या वाढीचा अनेक वर्षं चाललेला अभ्यास आहे, त्यातल्या 493 मुलांच्या झोपेचे आकडे 2003 साली 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात आले. सहा महिन्यांच्या बाळांची सरासरी झोप 14.2 तास. म्हणजे ॲपनं 14 हवेतून काढले नव्हते. पण त्याच ओळीत स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीच्या आजूबाजूला किती पसरलेत त्याचं माप, दिलं आहे: 1.9 तास. त्या मापाच्या दुप्पट (आमच्या भाषेत दोन सिग्मा) खाली या, 10.4 येतात, वर जा, 18 येतात. एकाच वयाच्या दोन निरोगी बाळांमध्ये सात-साडेसात तासांचा फरक असू शकतो! शेजारच्या बिल्डिंगमधलं बाळ सोळा तास झोपतं आणि आमचं साडेअकरा, यात त्यांच्या सुनेचं कौतुक आणि आमच्या सुनेचा दोष, दोन्ही नाही. (हे वाक्य मी आईसमोर मोठ्यानं वाचलं.)

अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संस्थेनं 2016 साली चार ते बारा महिन्यांसाठी 12 ते 16 तास सांगितले, डुलक्या धरून. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या शिफारशीतही या वयाला तोच आकडा आहे. आमचे साडेअकरा त्यातही बसत नव्हते. पण अमेरिकेच्याच नॅशनल स्लीप फाउंडेशननं 2015 साली जी यादी दिली, तिच्यात 12 ते 15 ला 'शिफारस' म्हटलं आहे आणि त्याच्या बाजूला आणखी एक रकाना आहे: 10 ते 11 तास काही बाळांना योग्य असू शकतात, 10 च्या खाली नको. म्हणजे टॉलरन्स आहे. कागदावर आहे. ॲप बनवणाऱ्यांनी तो रकाना स्क्रीनवर घेतला नाही, एवढंच.

आणखी एक गंमत. 2010 साली सतरा देशांतल्या तीन वर्षांखालच्या मुलांच्या झोपेची तुलना झाली, भारतही त्यात होता. रात्री झोपायची वेळ न्यूझीलंडमध्ये सरासरी 7.28 आणि हाँगकाँगमध्ये 10.17. एकूण झोप न्यूझीलंडमध्ये 13.3 तास, जपानमध्ये 11.6. आता सांगा, सातला दिवे मालवायचा नियम कोणत्या घरासाठी लिहिलाय? आमच्याकडे सातला देवापाशी दिवा लागतो, कुकरची शिट्टी होते, स्वाती बँकेतून येऊन पर्स ठेवते. मनू दिवसभर जिची वाट बघते ती आई दारात उभी आणि ॲप म्हणतं खोली अंधारी करा.

वेळापत्रकाचे दीड तारे का, ते एवढ्यावरून कळावं. तो दीडसुद्धा एका गोष्टीसाठी आहे. बाळाच्या वयानुसार दोन झोपांमधला जागा वेळ साधारण किती असावा, हे आम्हा नवख्यांना त्यातून कळलं. सरासरी झोपणारं बाळ असेल तर तुम्हाला हेच वेळापत्रक चार ताऱ्यांचं वाटेल, त्याबद्दल वाद नाही.

नोंदवहीला मात्र साडेचार, कारण त्याच ॲपच्या फुकट भागानं आमची रात्र सुधारली.

वेळापत्रक बंद केलं, भाकितं बंद केली, नुसती नोंद चालू ठेवली. आठवडाभर काहीच बदलायचं नाही, फक्त लिहायचं: कधी झोपली, कधी उठली, रात्री मध्ये किती वेळ जागी. आठवड्याच्या शेवटी बेरीज करून सातनं भागायचं. जो आकडा येतो तो तुमच्या बाळाचा. तोच खर्चायचा. 14 नाहीत तर नाहीत. साडेअकरा आहेत, ते दिवसात किती आणि रात्रीत किती वाटायचे, एवढंच आपल्या हातात. मनू तीन डुलक्यांत दिवसाच साडेतीन तास उरकत होती. मग रात्रीला उरले आठ. सातला झोपवलेलं बाळ आठ तासांत तीनला उठणारच. ती थोडी लवकर उठून पहाटे परत झोपत होती, इतकाच फरक.

यामागचं शास्त्र झोपेवर काम करणारा कोणीही सांगेल. अलेक्झांडर बोर्बेली यांनी 1982 साली मांडलेलं. झोप दोन गोष्टींवर चालते: जागं राहिल्यानं साठत जाणारा झोपेचा दाब, आणि दिवस-रात्रीचं शरीरातलं घड्याळ. दोन्ही एकाच वेळी झोपेच्या बाजूनं असतील तर झोप लागते आणि टिकते. मनूचा दाब हळू साठतो. संध्याकाळी पाचला डुलकी झालेली असताना सातला तो पुरेसा नसतो, झोप लागली तरी पहिल्या चक्रानंतर विरते. लहान बाळाचं झोपेचं एक चक्र तासाभराच्या आतबाहेरच असतं. पावणेआठला झोपून साडेआठला उठण्याचं उत्तर यातच आहे. शिफ्टवाल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. नाईट संपवून सकाळी आठला आडवं झालं की थकवा असूनही बाराला डोळे उघडतात, कारण घड्याळ म्हणतं, दिवस आहे.

तर आठव्या महिन्यात बसवलेला दिवस असा. सकाळी साडेसहाला उठणं पक्कं, रात्र कशीही गेली तरी. (घंटागाडीनं हे काम सोपं केलं.) संध्याकाळची तिसरी डुलकी बंद. सकाळी दहाच्या सुमाराला चाळीस मिनिटं. दुपारी सव्वादोनला झोपली की तीन-वीसला उठवायचं. रात्री पावणेनऊला झोप. दिवसाचे पावणेदोन, रात्रीचे पावणेदहा. बेरीज करून बघा.

यातला 'उठवायचं' हा शब्द घरात सगळ्यात महाग पडला. 'झोपलेल्या बाळाला उठवू नये' हे आमच्या आईच्या दृष्टीनं जवळपास शास्त्रवचन. दुपारी तीन-वीसला स्वाती बँकेत, मी कधी फर्स्ट शिफ्टला, म्हणजे उठवायचं काम आईवरच. पहिले काही दिवस ती तीन-वीसला मुद्दाम गॅलरीत कपडे काढायला जायची आणि पावणेचारला परत यायची. नोंदीत '3.20' लिहायची. रात्री दोनला मनू उठून बसली की दुपारचा खरा आकडा कळायचा. मी आईला काही बोललो नाही. हा नियम लागायच्या आधीचा आलेख दाखवला. दुपारची पट्टी जेवढी लांब, रात्रीची फट तेवढी रुंद. हे रंगीत पट्ट्यांत इतकं स्वच्छ दिसतं की समजवावं लागत नाही. आईनं चष्मा लावून दोन आठवड्यांचे पट्टे पाहिले आणि म्हणाली, 'म्हणजे दुपारी मी जेवढी पाठ टेकते, तेवढी रात्री स्वाती जागते.' तेव्हापासून तीन-वीस म्हणजे तीन-वीस. उठवायची पद्धतही तिचीच: आधी पडदा सरकवायचा, मग पंखा बंद, मग स्वयंपाकघरात डब्यांचा आवाज. हात लावायचा नाही. मनू स्वतः उठल्यासारखी उठते, पाच मिनिटं तोंड वाकडं करते, मग ठीक.

रात्रीची मैफल एकदम थांबली नाही. दोन तासांची एक तासावर आली, मग वीस मिनिटांवर, मग फक्त दूध पिऊन परत झोपण्यावर. दात येताना, लसीनंतर ताप आला तेव्हा, दिवाळीत फटाक्यांत, सगळं विस्कटलं आणि परत बसवावं लागलं. अजूनही रात्री एकदा उठते. ज्या जाहिराती 'सात दिवसांत बाळ रात्रभर झोपेल' म्हणतात, त्यांच्याकडे कमी झोपणारं बाळ कधी गेलेलं नसावं.

वर्षाची झाल्यावर सकाळची डुलकीही ती नाकारू लागली. ॲपमध्ये डोकावून पाहिलं, तर 'एवढ्यात नको, चौदा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान सोडा.' बहुतेक बाळं तेव्हाच सोडतात, खरं आहे. पण कमी झोपणारी बाळं डुलक्या लवकर सोडतात, आणि जी मुलगी दहा वाजता पाळण्याचा दांडा धरून उभी राहून गाणी म्हणते तिला ॲपच्या तारखेपर्यंत कोण धरून ठेवणार? आता एकच झोप, सव्वाबाराला, दीड तासाची. रात्री नऊ ते साडेसहा. एकूण अकरा. एक ते दोन वर्षांसाठी त्या 2016 च्या यादीत 11 ते 14 आहेत, म्हणजे मनू आता अधिकृतपणे यादीत बसते. गोल अजून नारिंगी आहे.

ॲपच्या वापरातल्या काही गोष्टी घेण्याआधी माहीत असाव्यात. मराठी नाही, बटणं इंग्रजीत, सूचना इंग्रजीत. आईनं दोन दिवस प्रयत्न केला, मग कालनिर्णयच्या चौकटीत पेन्सिलीनं 'झो. 10.05, उ. 10.45' लिहायला लागली, दुधाच्या लिटरांच्या आणि गॅसच्या तारखेच्या शेजारी. ते आकडे ॲपमध्ये भरायचं काम माझं. खरं सांगायचं तर ज्यांना आलेखाची हौस नाही त्यांना कालनिर्णय आणि पेन्सिल पुरेल. झोपेचं टायमर चालू करून बंद करायला विसरलं की बाळ सहा तास झोपल्याची नोंद होते आणि सरासरी बिघडते. ती हातानं दुरुस्त करता येते, पण नोंद शोधायला तीन पडदे आत जावं लागतं. आणि भाकीत चालू असेल तर सूचनांचा मारा. आमच्याकडे लाइनवर फोन नेता येत नाही, लॉकरमध्ये ठेवतो. सेकंड शिफ्ट संपवून लॉकर उघडला की 'मनूची झोपेची वेळ झाली', 'मनू थकली असेल', 'मनू फार वेळ जागी आहे' असे एकावर एक. मनू तेव्हा घरी गाढ झोपलेली असायची. दोन फोन जोडणी मात्र उत्तम चालते. स्वाती बँकेत बसून दुपारी किती झोपली ते बघू शकायची, आणि घरी विचारायला होणारे फोन कमी झाले. तो अर्धा तारा त्याचा.

पैसे भरणाऱ्यांना एक व्हिडिओ-भेटही मिळते, झोपेच्या सल्लागाराशी. बाई गोड बोलल्या. आमची नोंद त्यांच्यासमोर होती, तरी उत्तर वेळापत्रकातलंच आलं. 'बाळ उठल्यावर कसं असतं, हसतं की चिडचिडं?' हा पहिला प्रश्न हवा होता. तो कोणी विचारला नाही.

तो प्रश्न आमच्या बालरोगतज्ज्ञांनी विचारला, म्हणून सांगतो. बाळ कमी झोपतं याचा अर्थ दरवेळी त्याला कमीच लागते असा नसतो. डॉक्टरांनी विचारलं: झोपेत घोरतं का? तोंडानं श्वास घेतं का? श्वास मध्येच अडकल्यासारखा वाटतो का? पाय सारखे झाडतं का? वजन वाढतंय ना? त्यांनी हिमोग्लोबिन बघितलं, कारण शरीरात लोह कमी असलं की झोप अस्वस्थ होते. मनूचं सगळं नीट आलं आणि दिवसभर ती प्रसन्न असते, तेव्हा म्हणाले, हिची गरजच कमी आहे. तुमचं बाळ दिवसभर किरकिर करत असेल, गाडीत बसलं की दोन मिनिटांत मान टाकत असेल, तर वर लिहिलेलं डुलकी कापण्याचं प्रकरण त्याला लावू नका. त्याला झोप हवी आहे, ती मिळत नाहीये. घोरणं असेल तर ॲप नको, डॉक्टर.

झोपेच्या नावाखाली घरात आणखी काय-काय आलं त्याचाही थोडक्यात हिशेब. काळे पडदे: पैसे वसूल, पण रात्रीपेक्षा दुपारच्या झोपेसाठी जास्त. उठल्यावर ते उघडून भरपूर उजेड आत घ्यायचा, हे अंधाराइतकंच महत्त्वाचं. स्प्रिंगची झोळी: मनू त्यात चटकन झोपायची, थांबली की चटकन उठायची. शिवाय झोळीत पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते, आणि लहान बाळाचा श्वास त्यानं अडू शकतो. कोणी समोर बसलेलं असेल तेव्हा ठीक, रात्रभरासाठी नाही. सपाट, घट्ट गादी, पाठीवर, आजूबाजूला उशी-गोधडी नाही, हेच अमेरिकन बालरोग संघटनेनं 2022 मध्येही पुन्हा सांगितलं. त्यातच वजन घातलेल्या झोपेच्या पिशव्या नकोत असंही आहे. स्वातीच्या मावसबहिणीनं परदेशातून आणलेली तशी एक पिशवी आम्ही कौतुकानं घेतली आणि कपाटात ठेवली.

व्हाइट नॉइजचं मशीन, म्हणजे झोपेसाठी एकसुरी घूं असा आवाज करत राहणारा डबा, हे माझं आवडतं प्रकरण. डब्यावर 'बाळासाठी सुरक्षित' लिहिलेलं. कंपनीतल्या सेफ्टीवाल्या मित्राकडून एका रात्रीपुरतं नॉइज मीटर आणलं. पाळण्याच्या कठड्यावर मशीन ठेवून आवाज पूर्ण केला: 81 डेसिबल. आमच्या प्रेस शॉपच्या दारात उभं राहिलं की साधारण एवढाच भरतो, आणि तिथे आम्ही कानात बोळे घालतो! मग मीटर उशीच्या जागी ठेवून मशीन खोलीच्या पार टोकाला, कपाटावर नेलं, आवाज तळाशी केला. 46. 2014 साली अशा चौदा मशीनची तपासणी छापून आली होती. एक फुटावर पूर्ण आवाजात ठेवलं तर चौदाच्या चौदा 50 डेसिबलच्या वर गेली, तीन तर 85 च्याही वर. इस्पितळातल्या नवजात बाळांच्या खोलीसाठी 50 ही मर्यादा धरतात. तेव्हा मशीन घ्या, पण पाळण्यापासून दोन मीटर लांब आणि हळू. आम्हाला त्याचा उपयोग एकाच ठिकाणी झाला: गणपतीत, ढोल-ताशाचा सराव खालच्या मैदानात चालायचा तेव्हा. आणि तेव्हाही पंखा पुरला असता.

झोप न लागणाऱ्या बाळासाठी म्हणून मिळणारी थेंबांची औषधं, गुटी, ग्राइप वॉटर यांवर परीक्षण लिहिणार नाही. आणली नाहीत.

मग घ्यावं का? फुकट भाग घ्या, पहिल्या दिवशीच घ्या. पैशाचा भाग निदान एक आठवड्याची नोंद जमेपर्यंत घेऊ नका. बेरीज 13-14 च्या आसपास आली तर वेळापत्रक तुमच्या कामाचं आहे, 11-12 आली तर ते पैसे डायपरला घाला. पैसे भरून बसला असाल तर एक लक्षात असू द्या: ॲप फोनवरून काढून टाकलं म्हणून वर्गणी थांबत नाही, पुढच्या वर्षी खात्यातून कापली जाते. प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर टिचकी मारून 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स' मध्ये जा, तिथून ती रद्द करा, आणि यूपीआयवरून भरली असेल तर त्या ॲपमध्ये 'ऑटोपे' शोधून तिथलं मॅन्डेटही (आपोआप पैसे कापायची परवानगी) बंद झालंय का बघा. वर्ष संपायच्या आदल्या दिवसावर ठेवू नका, चार दिवस आधीच उरका.